गोळीला काय ठाऊक

बाबांच्या पाठीच्या कण्यात कर्करोग पसरलाय हे कळलं, तेव्हा मी मालवणात शाळेवर नुकतीच रुजू झाले होते. बाबांचं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून गेलं होतं. आता त्यांना कुशीवर वळवायचं तरी आईला आणि मला दोघींना हात लावावा लागे.

कुडाळचे डॉक्टर गोळ्या द्यायचे. बाबांनी एकदा त्यांना विचारलं, "डॉक्टरानु, गोळी जाता पोटात. पाठ दुखता तां तिका कसां कळता?"

"तिका कळणा नाय," डॉक्टर म्हणाले. "ती रक्तातून अंगभर फिरता. जंय इजा आसा थंय शरीर एक द्रव्य तयार करता, तेच्यान नसा चाळवतत. गोळी तां द्रव्य होवक देणा नाय."

तेच द्रव्य पोटाचं अस्तरही जपतं. पुढे पोटात रक्तस्राव होऊन बाबांना काळं शौच होऊ लागलं आणि डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "आता मॉर्फिनच हवं. ते मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतं, वेदनेचा निरोपच अडवतं. पण आपल्याकडे ते मिळत नाही, मिरजेला न्यावं लागेल."

भाड्याची गाडी करून आम्ही बाबांना मिरजेला नेलं. तिथल्या इस्पितळात त्यांना इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या.

"दुखणा थांबला?" आईने विचारलं.

"दुखणा आसा. पण तां माका लागणा नाय. दुसऱ्या कोणाक दुखता हा, तसां वाटता."

त्या दिवशी ते पेज जेवले, आईशी बोलले, शांत झोपले.

पण रोगावर उपाय उरला नव्हता. इस्पितळाने घरी न्यायला सांगितलं. ते औषध कायद्याने कुलपात असायचं, घरी न्यायला देता येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा विनवलं, तरी औषधाशिवायच निघावं लागलं. घाट उतरेपर्यंत औषधाचा अंमल संपला. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला बाबा ओरडत होते. कणकवलीच्या अलीकडे त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"गो, माका तां सुख दाखवलास कित्याक?"



त्यानंतर ते कोणाशी बोलले नाहीत, फक्त कण्हत राहिले. शेवटी आई देवासमोर बसून, मला ऐकू येईल असं म्हणाली, "आता ने रे तेंका." मी तिच्या शेजारी बसले आणि हात जोडले.