पाचव्या पानावरचा नियम

परंदवडीच्या शालनमावशींना समोर आलेलं काही वाचल्याशिवाय राहवत नसे. शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण औषधाच्या बाटलीवरचं, खताच्या पोत्यावरचं, एसटीत सीटच्या मागं लिहिलेलं, सगळं त्या अक्षरन् अक्षर वाचून काढत. सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. तिथं गेटवर नवी पाटी लागली: ‘मारहाण, शिवीगाळ, छळ अजिबात खपवून घेतला जाणार नाही.’ बाकीच्या बाया पुढं गेल्या, मावशी मात्र पाटीसमोर उभ्याच.

पंधरा दिवसांत त्यांच्याच लाइनवर प्रकार घडला. खोका वाकडा चिकटवला म्हणून सुपरवायझर सोपाननं मावशींच्या शेजारी काम करणाऱ्या प्रतीक्षाचा दंड धरून पिरगाळला. पोरगी कळवळली आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो खोक्यांच्या थप्पीवर जाऊन पडला. दुपारपर्यंत दोघांनाही घरी बसवलं. नियम सगळ्यांना सारखा, असं सांगण्यात आलं.

मावशींना ते काही केल्या उमगेना. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या एचआरच्या माधवी मॅडमकडं गेल्या.

“मॅडम, त्यो नियम मला वाचायला द्या की. पाटीवरचा न्हाई, अख्खा.”

तो आजवर कुणी मागितलाच नव्हता. मॅडमनी कपाटातून फाइल काढली. मावशी बोट ठेवून वाचत गेल्या. पाचव्या पानावर बोट थांबलं.

“हितं लिवलंय, ज्यानं बघितलं त्याला इचारायचं. मी दोन हातांवर व्हते. मला कुणी इचारलं?”

मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. “बसा मावशी. सांगा.”

मावशी बोलल्या, तशा आणखी दोघी बोलल्या. चौकशी आठवडाभर चालली. प्रतीक्षा कामावर परतली. सोपानची नोकरी गेली.

सोपान परंदवडीचाच. त्याची आई बयाबाई मावशींशी बोलेनाशी झाली. नळावर गाठ पडली की तोंड फिरवायची. मावशींना ते लागायचं. एक दिवस न राहवून त्यांनीच विचारलं, “बयाबाई, सोपाननं घरी काय सांगितलं?”

“पोरीनं ढकललं, म्हनला.”

“कशापायी, ते?”

बयाबाईनं भरलेली घागर नळाखालून बाजूला केली.

“न्हाई सांगितलं,” ती म्हणाली. “तूच सांग.”

मावशींनी कडेवरचा हंडा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.