आबांना खुर्चीत कुणी बसवलं?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुणी असले किस्से सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रागही.

आम्ही खांदेश्वरला राहतो, स्टेशनपासून चालत अंतरावर, तिसरा मजला. माझे सासरे म्हणजे आबा, मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडीचं काम केलं, पोती उचलली. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण अंगाने माणूस अजून दणकट! थोड्या थोड्या वेळाने त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते काम माझं. यांचं ऑफिस बेलापूरला, धाकटे दीर साताऱ्यात. फोनवरून सल्ले द्यायला मात्र सगळे हजर.

डॉक्टर म्हणाले होते, रोज खुर्चीत बसवा, नाहीतर छातीत कफ साठेल. अहो, बसवा काय बसवा? मला एकटीला ते उचलतसुद्धा नाहीत. मदतीला बाई ठेवूया म्हटलं तर दीर म्हणाले, "घरचं माणूस असताना परक्या बाईच्या हाती कशाला द्यायचं, वहिनी?" घरचं माणूस म्हणजे मी.

त्या दुपारी चादर बदलताना कमरेत अशी कळ आली की मी फरशीवरच बसले आणि रडले. "आबा, मला एकटीला नाही हो जमत," असं मोठ्याने म्हणाले. मग डोळे पुसले, दाराला कुलूप लावलं आणि डायपर आणायला खाली मेडिकलमध्ये गेले.

परत आले, कुलूप उघडलं... पलंग रिकामा. आबा गॅलरीत खुर्चीत! ताठ बसलेले. घसरू नयेत म्हणून त्यांचंच मार्केटमधलं, डोक्याला गुंडाळायचं जुनं लांब फडकं कमरेभोवती घेऊन खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधलेलं. आणि आबा हसत होते - आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मार्केटमध्ये माथाडी टोळीने काम करतात. एकाला बोजा झेपेना झाला की बाकीचे न बोलावता हात देतात, असं आबाच सांगायचे. त्यांच्या टोळीतलं आता कुणीही हयात नाही. मी फक्त सांगतेय, अर्थ काढत नाहीये.

दुसरी किल्ली यांच्या खिशात, आणि हे ऑफिसात. वॉचमन म्हणाला, "कोई नहीं आया, भाभी." मजल्यावरच्या कॅमेऱ्यात मी जाताना दिसते आणि मीच परत येताना दिसते.

मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दिरांचा लगेच मेसेज - "वा वहिनी! जमतंय की! उगाच टेन्शन घेत होता." डोकंच फिरलं माझं. रात्री हे, मी आणि वॉचमन, तिघांनी चादरीत घालून आबांना कसंबसं पलंगावर आणलं आणि मग दिरांना फोन करून सगळं सांगितलं. झालं! दोन वर्षांत ज्यांना यायला फुरसत नव्हती ते सगळे रविवारी गाडी करून आले, अंगारा, लिंबू घेऊन. आत्याबाई तर आबांच्या कानाशी वाकून, "कोन आलतं रं दादा? सांग की!" ज्यांची वाचा गेलीय त्यांना!

मी म्हटलं, "आलाच आहात तर जरा खुर्चीत बसवा त्यांना." दीर, हे आणि आत्यांचे जावई पुढे झाले. आबांना अर्धं उचललं, आबा कण्हले, परत पलंगावर ठेवलं. दीर घाम पुसत म्हणाले, "लई जड हायत ओ." मग जेवले आणि संध्याकाळी निघाले. बाईचा विषय कुणीच काढला नाही.

जाताना आत्याबाई म्हणाल्या, "एकटीला भ्या वाटत आसंल गं तुला."

भीती? ते कोण होते, बंद घरात कसे आले, मला आजही कळलेलं नाही. कळलं नाही तरी चालेल. पण दुपारी औषधं घेऊन परत येते, दार उघडते, आबा पलंगावर तसेच असतात... आणि मला त्यांचाच राग येतो, जे कोण आले होते त्यांचा. एकदा आलात ना? मग परत का नाही आलात?