अर्धवट गेमची कॉमेंट्री

बुलढाण्याच्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारणारे आमचे शेजारी घरी फार कमी बोलतात. चहा विचारला, तरी नुसती मान हलवतात. नव्या क्रिकेट गेमची त्यांनी वर्षभर वाट पाहिली. रविवारी आम्हा शेजाऱ्यांना बोलावून तो टीव्हीवर लावला, तर गेम अर्धवटच निघाला. फिल्डर पुतळ्यासारखे उभे आणि कॉमेंट्री नाहीच.

"असा कच्चाच काऊन इकला कंपनीवाल्यायनं?" ते हिरमुसून म्हणाले.

मग त्यांनी कोर्टातला आवाज लावला आणि स्वतःच कॉमेंट्री सुरू केली. शेवटचा बॉल हवेत असतानाच गेम बंद पडला. ते मात्र थांबले नाहीत.

"उंच गेला... गडी धावून राह्यला... हाताले लागला, सुटला, थेट दोरीपल्याड... सिक्स!"

काळ्या पडद्यासमोर उभे राहून आम्ही टाळ्या वाजवत होतो.