निबंधाचे तीन वाटे

माझ्यासारख्याने लिहायला बसावं हे जरा जास्तच होतंय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण माझ्या इंग्रजी निबंधाचे आईने वाटे केले, हे कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. 'माझं गाव' हा निबंध मॅडमनी परत दिला. "सोमवारी सुधारून आण, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. मदत शोध. लायब्ररी आहे, सीनियर आहेत. कुणाला तरी वाचायला दे!"

लायब्ररीत गेलो. कपाटांकडे बघितलं (कपाटांनीही माझ्याकडे बघितलं) आणि परत आलो. सीनियरना विचारायची लाज वाटली. शेवटी आईला सांगितलं. आई घणसोली गावातून टोपली घेऊन समोरच्या टॉवरच्या गेटवर मासळी विकते.

"वाचनारा मानूस पायजे ना? माझी गिऱ्हाइकं समदी विंग्रजीच बोलतात. दे हिकरं!"

"आई, एकालाच दे हां."

"तीन पानं एकाच्याच गल्यात? बिचारा मरंल! वाटं करते."

आणि खरंच, कोळंबीचे करते तसे तिने निबंधाचे तीन वाटे केले! एकेका पानावर एकेक बांगडा फुकट. पहिलं पान बँकेतून रिटायर झालेल्या साहेबांना, दुसरं वकीलबाईंना, तिसरं कॉल सेंटरवाल्या ताईला.

संध्याकाळी पानं परत आली. वास बांगड्याचा, भाषा तिघांची! साहेबांनी गावाला विनंती अर्ज केला होता. वकीलबाईंनी 'सदर खाडी' कुणाच्या ताब्यात आहे ते स्पष्ट केलं होतं. आणि शेवटी ताईने वाचकांचे गावाशी संपर्क साधल्याबद्दल आभार मानले होते!

"कसं झालंय रं?" आईने विचारलं.

"लय भारी!" (तीन बांगडे गेले होते. दुसरं काय बोलणार?)

सोमवारी मॅडम वाचता वाचता थांबल्या. "हे कोणी लिहिलं?"

"मॅडम... आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

मग सांगितलं सगळं. भर वर्गात, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा सलग इंग्रजीत! वर्ग हसून लोळला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "अरे, आत्ता बोललास तेच लिही की! उद्या दे."

लिहायला बसलो. आई समोरच. "बांगडा ताजा व्हता, त्ये पन लिव."

लिहिलं. दिलं. आणि वाट बघत बसलो.

आठवड्याभराने मी आईच्या टोपलीपाशी असताना वर्गातल्या सचिनचा फोन आला. "भावा, पास! परीक्षेला बसतोयस तू! आणि तुझा निबंध मॅडमनी लायब्ररीत ठेवलाय, नवीन पोरांना मदत म्हणून!"

मी लगेच आईला सांगितलं. तिने गेट दणाणून सोडलं. "माझ्या पोराचं वाचून कालेजातली पोरं शिकनार!"

"पहिलं पान माझं आहे!" साहेब पिशवी सांभाळत ओरडले.

फोनवर सचिन अजून होता. आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, पण ठेवलाय तो तिघांचावाला. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'निबंध असा लिहू नये.'"

मी फुगवलेली छाती तशीच ठेवली. आमच्या घराण्यातून लायब्ररीत पोचलेला मी पहिलाच, आणि तोही थेट संदर्भ म्हणून!