सुवार्ताआक्काचं राहिलेलं पान

सुवार्ताआक्का खंदारे हट्टा गावात हळदीच्या कामाची टोळी चालवते. टोळीत बारा बाया. हळद काढायची, शिजवायची, वाळत घालायची, ढोलात घालून पॉलिश करायची. आक्काचं वय पंचावन्नच्या पुढे. शिक्षण चौथी. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. दर रविवारी ती एसटीनं वसमतला प्रार्थनेला जाते.

मी दीक्षा. मराठी घेऊन बी.ए. झाले. माझी आई, कमलबाई, आक्काच्या टोळीत आहे. आक्का माझ्याहून तीस वर्षांनी मोठी, तरी चारचौघांत मला मैत्रीण म्हणते. मला ते अजून खरं वाटत नाही.

दुपारी भाकरी सोडल्या की कुणीतरी विचारतंच, "आक्का, आज काय म्हणून राहिला तुमचा येशू?"

आक्का सांगते. आधी शास्त्रातलं, मग शेतातलं. एकदा दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाचा भाग होता. त्या दिवशी ढोल फिरत होता. सगळ्यांची तोंडं पिवळी झाली होती.

टोळीतली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत फटकळ राणी म्हणाली, "आक्का, तुमचं तोंड नवरीवाणी झालं की!"

"आन तुझं? इथं आरसा न्हाई. दुसरीचंच तोंड दिसतं. म्हणून आधी आपलं पुसायचं, मंग हसायचं."

"मंग पुसा की तुमी आधी!"

बाया हसून लोळल्या. आक्कानं खरंच पदरानं तोंड पुसलं.

हे सगळं ती संध्याकाळी वहीत लिहायची. वसमतच्या प्रार्थनाघरातून वर्षभराच्या वाचनाचा तक्ता मिळाला होता. तिनं त्याच्या ओळी कापून एकेका पानाच्या माथ्यावर चिकटवल्या होत्या. तीनशे पासष्ट पानं. तिथले पाळक, रवींद्र सर, यांनी ती वही पाहिली आणि छापायची ठरवली. ईस्टरला वाटायची. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. आक्कानं टोळीतल्या प्रत्येकीला एक प्रत आधीच कबूल करून टाकली.

टाइप करताना एक गोष्ट लक्षात आली. काही पानांवर आधी लिहिलेलं असायचं, 'आज जमलं न्हाई.' खाली दुसऱ्या दिवशीची तारीख. पुन्हा, 'आज जमलं न्हाई.' शत्रूवर प्रीती करायच्या पानावर हे वाक्य अकरा वेळा होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'आज उकंडरावच्या बैलाला पाणी पाजलं. त्याला सांगितलं न्हाई.' उकंडराव म्हणजे आमचे शेजारी. वाटेवरून त्यांचं आणि आक्काचं दोन वर्षं वैर होतं.

"आक्का, हे काय?"

"जे केलंच न्हाई ते लिवायचं कसं? सकाळी वाचायचं. दिवसभर करून पाहायचं. जमलं तर लिवायचं."

तीन वर्षं मी साहित्य शिकले. लिहिण्याची ही अट मला कुणी सांगितली नव्हती.  त्या अकराही तारखा मी पुन्हा वाचल्या.

एक पान मात्र कोरं होतं. योहान, अध्याय तेरा. तिथं 'जमलं न्हाई' हेसुद्धा नव्हतं. मी मोबाइलवर तो अध्याय काढून वाचला. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मला नवल वाटलं. आक्काची सासू सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं आक्कानंच केलं.

"हे तर तुमचं रोजचंच होतं, आक्का."

"पुढचं पान घे," ती म्हणाली.

सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा होता. गुरुवारी सरांचा फोन आला. "एकच पान राहिलंय ना? तू लिहून टाक, दीक्षा. तुला तिची भाषा येते."

मी लिहिलं. सासूचे वाळलेले पाय, कोमट पाणी, पितळी तांब्या. लिहिताना मला रडू आलं. मला वाटलं, माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं लिखाण हेच. आक्काला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई ग्वाड लिवलं. पण खोटं हाय."

"खोटं काहून? धुतले की तुमी सहा वर्षं."

"धुणं सोपं हाय, पोरी. मी पेत्राचं, येशूच्या त्या शिष्याचं, म्हणून राहिले. त्यानं पाय मागं घेतला. म्हणला, माझे पाय तू कधीच धुवायचे न्हाईत. येशू म्हणला, मंग तुझा माझा संबंध न्हाई." तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. "मालक गेले तवा बाया भाकरी घेऊन आल्या. मी परत धाडल्या. घर बांधलं, कुणाला वीट उचलू दिली न्हाई. मी कुणाच्या हातात पाय दिलेला न्हाई. पान कोरं छापा."

सर कोरं पान छापायला तयार नव्हते. लोक म्हणतील छापखान्याची चूक. दीक्षानं लिहिलेलं घ्या, असा त्यांचा आग्रह.

"मंग पुस्तकच नका छापू," आक्का त्यांना फोनवर म्हणाली.  पुस्तक तिला किती हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

शनिवारी मी आईबरोबर कामावर गेले. सकाळी राणीच्या कुदळीखाली हळदीचे चार-पाच गड्डे तुटले. आक्का सगळ्यांसमोर कडाडली, "डोळे घरी ठेवून आलीस का?" फटकळ राणी, पण तिनं खाली मान घालून तुटके गड्डे वेचले.

दुपारी बाया लिंबाखाली बसल्या. येशू काय म्हणाला, ते कुणी विचारलं नाही. आक्कानं भाकरी सोडली नाही. ती उठली. हौदातून बादली भरून तांब्यासकट आणली आणि राणीच्या पुढ्यात ठेवली. समोरच्या दगडावर बसली. पाय पुढे केले.

"राणी, माझे पाय धुशील का?"

राणीचा घास हातात राहिला. "काहून? आज पाटलीण झालात का?"

कुणी हसलं नाही. माझी आई उठली. "मी धुते, आक्का."

"तू न्हाई, कमल. तू हौसेनं धुशील. सकाळी हिला बोलले मी. हिनंच धुवायचे. न्हाई म्हणली तर न्हाई."

राणीनं तिच्याकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि खाली बसली. पहिला तांब्या तिनं जोरातच ओतला. आक्कानं पाय झटक्यानं मागे घेतला.  क्षणभरानं तिनं तो आपणच पुढे केला.

राणी दगडानं टाच घासू लागली. "कसल्या भेगा ह्या! ऊस लावता येईल ह्यात."

"लाव."

"आन पाणी कोण देणार?"

"देऊन राहिलीस की!"

आता बाया हसल्या. राणीही हसली. आक्काचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हातांनी तिनं बूड टेकलेला दगड घट्ट धरला होता. पिवळं पाणी मातीत जिरत होतं. दुसरा पाय राणीनं सावकाश धुतला. आपल्याच पदरानं पुसला.

"झालं. आता ह्याच पायानं लाथ मारू नका मला."

"सकाळी माझं चुकलं, राणी," आक्का म्हणाली. सगळ्या टोळीसमोर. वीस वर्षांत आक्काच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं, असं आई मला घरी जाताना म्हणाली.

संध्याकाळी आक्कानं वही दिली. त्या पानावर एवढंच होतं:

'आज राणीनं माझे पाय धुतले. मी एकदा वढून घेतला. पेत्राला कसं वाटलं ते कळालं. पाय देताना लई जड गेला. दिल्यावर हलका झाला.'

मी माझं लिखाण पुसून टाकलं. तिचं जसंच्या तसं टाइप केलं. सोमवारी सरांचा फोन आला.

"सगळ्या पुस्तकात हे पान सगळ्यांत लहान आहे, दीक्षा. एवढंच का?"

"एवढंच, सर," मी म्हणाले. "ह्यातलं एक अक्षरही बदलायचं नाही."