बाभळीपर्यंत जाणारा माझा बॉल

मंडळी, आज पार खचलोय.

शिरूरजवळच्या माळावर मी एकटाच गोल्फ खेळतो. टेकाडापलीकडं गेलेला बॉल दिसत नाही, पण नंतर सगळे बॉल लांबच्या बाभळीखाली सापडायचे, तेही एकाच जागी!

"कंबर फिरत नाही, नुसते हात झाडतोस," असं तुम्ही मी ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ बघून म्हणालात, तर मी भांडलो. बॉल मारायचा नवा, महागडा क्लब घेतला. रविवारच्या स्पर्धेत नाव दिलं.

आज मेंढरं राखणारे सोपानमामा म्हणाले, "आरं, तुझे बॉल टेकाड उतरलं की हितंच पडत्यात. मेंढरं तोंड लावत्यात म्हणून म्याच येचून बाभळीखाली ठिवतो."

दोन वर्षं!

उद्यापासून मामा बॉलला हात लावणार नाहीत. टेकाड चढून पलीकडं बघायची हिंमत कुठून आणू, सांगा.