शून्याची जागा

नाटकाच्या जगात सगळ्यात कमी जागा लागते ती प्रॉम्प्टरला. विंगेतला अंधारा कोपरा, एक डुगडुगतं स्टूल आणि मांडीवर संहिता, एवढ्यात त्याचा संसार मावतो. कुजबुजताईचं सगळं तारुण्य त्या स्टुलावर गेलं. नट अडखळला की ती पुढचा शब्द असा सोडायची की तो नेमका त्याच्याच कानात जाऊन बसे, शेजारी उभ्या असलेल्या नटीला पत्ता लागत नसे. टाळ्या नटाला मिळत, हिच्या वाट्याला टोपणनाव आलं. पुढे पुढे तर थिएटरातल्या कोणालाच तिचं खरं नाव आठवेना, आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

मोठा आवाज तिला जन्मात काढता आला नाही. भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला कान पुढे करून म्हणे, "बाई, भाव विचारताय की गुपित सांगताय?"

आणि ती भित्री होती. झुरळापालीला नव्हे, पानांना. दोन पानं एकदम उलटली गेली तर? नट थांबलाय आणि आपल्या बोटाखाली भलतीच ओळ आहे, तर? खेळ रंगात आलेला असायचा, लोक हसून लोळत असायचे, आणि विंगेत हिच्या पोटात गोळा असायचा. त्या गोळ्याच्या जिवावर कित्येक नटांची अब्रू वाचली.

नटांच्या कानात यंत्रं आली तसं ते स्टूल माळ्यावर गेलं. पण थिएटर सुटलं नाही, कारण दादा तिथेच होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आधी पडदा ओढायचा, मग बार सांभाळू लागला. बार म्हणजे रंगमंचावर उंच आडवे टांगलेले लोखंडी पाइप. पडदे, दिवे, देखावे सगळं त्यांना बांधतात आणि हवं तेव्हा खालीवर करतात. पूर्वी हे काम दोरांनी व्हायचं. आता मोटरी आल्या होत्या आणि त्या चालवायला एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. ते बनवणारी मंडळी ठिकठिकाणी विखुरलेली, एकमेकांना पडद्यावरच भेटणारी.

सॉफ्टवेअर गुणी होतं. त्याची माहितीपुस्तिका मात्र वाचून दादाने कपाळावर हात मारला होता. "यातलं एक वाक्य जरी मला कळलं ना, तरी मी मिशी काढीन."

मिशी जावी म्हणून असेल, पण कुजबुजताईने ती पुस्तिका साध्या शब्दांत लिहून काढली आणि त्या मंडळींना धाडली. त्यांनी ती डोक्यावर घेतली. मग या वयात ती मजकुरात खुणा करायची त्यांची पद्धत शिकली. हे शीर्षक, ही पायरी, हा धोक्याचा इशारा, असं प्रत्येक ओळीला आगेमागे कंसांत सांगायचं. सगळे त्या पद्धतीला 'भरजरी' म्हणत. होतीच ती तशी, नेसायला वेळखाऊ आणि अंगावर जड. पण ताईला तिचा आधार वाटे. तिच्यात प्रत्येक ओळ आपण कोण आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगायची.

तिचं सगळ्यात गाजलेलं पान बार खाली घेण्याचं. हे काम दोघांचं. एक जण रंगमंचावर उभा राहून पुकारतो, दुसरा विंगेतल्या उंच माचीवर संगणकापाशी बसून ऐकतो. थिएटरात ठोकाठोकी इतकी की वाक्यं ऐकू येत नाहीत, म्हणून फक्त आकडे पुकारायचे. एक म्हणजे बार निवडा. दोन म्हणजे खालची जागा रिकामी करून घ्या. तीन म्हणजे बार सोडा. आणि या सगळ्यांच्या आधी शून्य. शून्य म्हणजे जिथे असाल तिथे थांबा.

थांबायला 'थांबा' का नको? तर एकदा कोणीतरी "थांब" ओरडलं होतं, दादाला "लांब" ऐकू आलं होतं, आणि एक रंगवलेला राजवाडा भुईसपाट झाला होता. माणूस वाचला तो नशिबाने. तेव्हा ताईनेच सुचवलं, "शून्य म्हणा. 'श' गोंगाटाला कापत जातो. उगाच नाही आम्ही विंगेतून श्श करायचो."

असं ते पान गावोगावच्या थिएटरांत भिंतीवर चढलं.

मग एके दिवशी बैठकीत विषय निघाला की पुस्तिकेची पद्धत बदलायची. बैठक संगणकावरच. सगळ्यांना धरून ठेवणारा तो सूत्रधार, आणि त्याच्या जोडीला एक मुलगी, कामाच्या वेगामुळे तिचं नाव पडलेलं झपझप.

"एक ओळ लिहायची तर तिच्यावर चार ओळींचा साज," झपझप म्हणाली. "लोक मदत करायला येतात आणि साज बघूनच पळतात. साधी पद्धत घेऊ या. शीर्षकाला एक खूण, ठळक शब्दाला दोन चांदण्या, संपलं."

"सध्या ती भरजरी नेसून मिरवतात त्या एकट्या ताई," सूत्रधार हसला. "काय ताई? रोज लग्नाला निघाल्यासारखं वाटत असेल!"

ताईही हसली, पण पोटातला जुना गोळा हलला. का, ते तिला सांगता येईना. झपझपचं म्हणणं खरं होतं. तिने स्वतः कितीदा त्या कंसांना शिव्या घातल्या होत्या.

"साधीत जे दिसतं तेच असतं," झपझप म्हणाली.

"आणि जे दिसत नाही ते?" ताई पुटपुटली.

"ताई, काही म्हणालात?"

"नाही. चालेल."

ठरलं. यंत्राने भरजरीची साधी करून दिली आणि तपासायचं काम ताईने आपणहून मागून घेतलं. प्रत्येक पान तिने मोठ्याने, म्हणजे तिच्या मोठ्याने, वाचलं. शब्द न् शब्द जागेवर होता. अनुस्वारही हलला नव्हता. पाठ झालेली संहिता म्हणावी तशी ती वाचत गेली आणि शेवटी तिने कळवलं, सगळं बरोबर आहे. गोळा काही विरघळला नाही. तिने मनाशी म्हटलं, वय झालं, दुसरं काय.

काही दिवस गेले. एका दुपारी वहिनीचा फोन आला. दादाची बायको थिएटरात पडदे शिवायची.

"अगं, आज बाहेरची नाटकमंडळी आलीत. त्यांचा सुतार काय म्हणतो माहितीये? म्हणे, आमच्या थिएटरात याच बाईंचा कागद लावलाय, नवाकोरा! मी म्हटलं, नणंद आहे माझी! चहाच पाजणार होता मला. आज बार पुकारायलाही तोच आहे. चल, ठेवते. मोठ्या पडद्याची खालची पट्टी उसवलीय, ती घालायचीय, नि फोन ठेवायचाय मेकअपच्या खोलीत. तुझाच नियम ना गं, रंगमंचावर फोन नको?"

ताईला गुदगुल्या झाल्या. माणूसच ती. आपलं नवंकोरं पान कसं दिसतं ते पाहावं म्हणून तिने ते उघडलं.

१. थांबा.
२. बार निवडा.

तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. शब्द तेच होते, सगळे, जागच्या जागी. यंत्राने फक्त मोजताना एकापासून सुरुवात केली होती. भरजरीत तिने बजावून ठेवलं होतं की ही यादी शून्यापासून. साधीला शून्यापासून मोजता येतच नव्हतं. आणि तपासताना ताईने शब्द वाचले होते. आकडे ही काय वाचायची गोष्ट आहे?

मग तिला सुतार आठवला. सुताराच्या कागदावर तीन म्हणजे खालची जागा रिकामी करा. दादाच्या डोक्यात तीन म्हणजे बार सोडा. आणि खाली, त्या रिकाम्या करायच्या जागेत, मांडी घालून वहिनी.

तिने दादाला फोन लावला. बंद. माचीवर असताना फोन बंद ठेवावा, हेही तिनेच लिहिलं होतं. वहिनीचा नुसता वाजत राहिला.

थिएटर मागच्याच गल्लीत. चप्पल एका पायात होती की दोन्ही पायांत, हे तिला आठवत नाही. धावताना तिला दोन पानं एकदम उलटल्याचा तो जुना आवाज ऐकू येत होता, सर्रकन, पुन्हा पुन्हा. मागच्या दाराचा पहारेकरी म्हणाला, "ताई, आग लागली का कुठे?" त्याला ओलांडून ती विंगेत शिरली आणि सवयीने आपल्या कोपऱ्यातच येऊन थांबली. स्टूल नव्हतं. बाकी सगळं तसंच.

प्रेक्षागृहात खुर्च्यांचं काम चाललेलं, ड्रिल घरघरत होतं. रंगमंचाच्या मधोमध निळ्या पडद्याच्या ढिगात वहिनी, मान खाली, दातांत दोरा. सुतार हातात कागद धरून उभा. ताईच्या डोक्याच्या थेट वर माची, माचीवर दादा. शिडी विंगेच्या पार त्या टोकाला.

"दोन!" सुतार ओरडला.

"दोन!" वरून दादा. मग स्वतःशीच, "एक गिळला पठ्ठ्याने. असू दे, बार निवडलाय मी."

ताईने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. आवाज फुटला, त्याचा खोकला झाला आणि ड्रिलने तो खाऊन टाकला. कोणी वळूनही पाहिलं नाही.

"तीन!" सुतार म्हणाला आणि वहिनीला उठवायला तिच्याकडे निघाला. आपण जागा रिकामी करतोय अशीच त्याची समजूत. चांगला माणूस. कागदाबरहुकूम चालणारा.

"तीन," वरून दादा. बार जागचा हलला आणि भरभर खाली येऊ लागला.

ताईने तोंड मिटलं. ओरडणं आपलं काम नव्हे. तिने पोटातल्या त्या गोळ्यावर हात दाबला, मान वर केली, दादाच्या कानाची जागा नेमकी धरली, आणि इतकी वर्षं अडलेल्या नटाला द्यायची तसा श्वासावर ठेवून शब्द सोडला.

"श्शून्य."

बार थांबला.

ड्रिल चालूच होतं. सुतार वर बघत राहिला. वहिनीने दोरा दातांनी तोडला, मान वर केली आणि तिला आपल्या डोक्यावर, उठून उभी राहिली असती तर कपाळ आपटेल इतक्यावर, पाइप दिसला. मग विंगेत नणंद दिसली.

"काय गं? तोंड पांढरंफटक का पडलंय तुझं?"

ताईने त्या पाइपाकडे बोट केलं. ती खालीच बसली. दादा शिडी उतरून आला. बोलला ते आपल्या नेहमीच्या ढंगात. "बऱ्याच वर्षांनी प्रॉम्प्ट दिलास. मला वाटलं, मी वाक्य विसरलो की काय!"

"शून्य?" सुतार कागद खालीवर करून पाहत होता. "ताई, आमच्या कागदावर शून्य नाहीच हो."

"माहितीये," ताई म्हणाली. "म्हणून तर आले."

त्याच संध्याकाळी तिने ते पान काढून घ्यायला लावलं आणि बैठक बोलवायला सांगितली. सूत्रधाराने सगळं ऐकून घेतलं. झपझपच्या डोळ्यांत पाणी आलं. "भरजरीकडे परत जाऊ या," ती म्हणाली, "आत्ता, लगेच."

"नको," ताई म्हणाली. "त्या साजाला भिऊन लोक यायचे नाहीत, आणि मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. साधीच ठेवा. फक्त पुकारायचे आकडे यंत्राला मोजू देऊ नका. अक्षरात लिहा. शून्य, एक, दोन, तीन. शब्द कोणी आपोआप बदलत नाही."

"यादी वेडीविद्री दिसेल," सूत्रधार म्हणाला.

"दिसू दे. आणि ज्यांनी ज्यांनी जुना कागद छापून घेतलाय, त्यांना एकेकाला कळवायचं. मी कळवते."

"ताई, जरा मोठ्याने बोला, नीट ऐकू येत नाही."

"मग जवळ या," ताई म्हणाली.

ते पान आता अक्षरी आकड्यांचं आहे. ताईची भीती काही गेलेली नाही. कोणत्या गावच्या कोणत्या भिंतीवर तो चुकीचा कागद अजून चिकटलेला असेल, या विचाराने भाजी चिरता चिरता तिचा हात थांबतो. रोज सकाळी दादा माचीवर चढायच्या आधी ती फोन करते.

"वाच रे पहिली ओळ."

"अगं, कालच वाचली होती."

"आजची वाच."

दादा उसासा टाकतो, भिंतीकडे वळतो आणि चांगलं घसा खाकरून वाचतो, "शून्य." मगच ती म्हणते, "हं. आता फोन बंद कर."